लॅनयार्ड व वृक्षारोहणाची सुरक्षा-साधने

लॅनयार्ड व वृक्षारोहणाची सुरक्षा-साधने : झाडावर चढून फांद्या छाटणाऱ्याला खोडाशी बांधून ठेवणारा, लांबी कमी-जास्त करता येणारा आखूड दोर म्हणजे लॅनयार्ड. तो हार्नेसच्या (कमर व मांड्यांना बांधायच्या पट्ट्यांच्या) एका बाजूच्या कडीत अडकवून, खोडामागून फिरवून दुसऱ्या बाजूच्या कडीत आणतात. त्यावर भार टाकला की दोन्ही हात मोकळे होतात. हार्नेस, मुख्य दोर, घर्षण-गाठ (मुख्य दोरावर सरकणारी आणि भार पडताच आवळणारी) किंवा तिच्या जागी यांत्रिक उपकरण, कॅराबिनर (उघडझाप होणारी धातूची जोडकडी) आणि शिरस्त्राण ही बाकीची साधने.

लॅनयार्ड जागेवर स्थिर राहण्यासाठी असतो. पडणाऱ्याला झेलणे हे त्याचे काम नव्हे. युरोपीय मानक ईएन ३५८ याच वापरासाठी आहे. लॅनयार्ड सतत ताणलेला आणि कमरेच्या पातळीवर किंवा वर ठेवावा, म्हणजे पाय सुटलाच तरी घसरण अर्ध्या मीटरच्या आत राहते. सैल सोडलेला लॅनयार्ड झटका तसाच शरीराला देतो. वृक्षकामाच्या सुरक्षेसाठीचे अमेरिकी मानक झेड १३३ नुसार चढणारा सर्व काळ बांधलेला असला पाहिजे आणि झाडावर साखळी-करवत चालवताना दोन प्रकारे बांधलेला असला पाहिजे. एक बंध करवतीखाली आला तर दुसरा उरतो. इतका साधा हा नियम आहे आणि तो पाळण्यात सवलत नसावी.

पोलादी तारेचा गाभा असलेला लॅनयार्ड हातकरवतीच्या निसटत्या घावापासून वाचवतो. साखळी-करवत मात्र तोही कापू शकते. शिवाय पोलाद वीज वाहून नेते. महाराष्ट्रातील शहरांत पावसाळ्यापूर्वीची छाटणी अनेकदा वीजवाहिन्यांलगत होते, तिथे असा लॅनयार्ड वापरू नये. अर्थात कोणताही ओला वा मळलेला दोर वीजरोधक मानता येत नाही. आधी प्रवाह बंद करून घेणे हाच खरा उपाय.

घर्षण-गाठीचा दोर निवडताना तन्यशक्तीइतकाच उष्णतेचा विचार करावा लागतो. अतिउच्च रेणुभाराच्या ताणबळकट पॉलिएथिलीनचा धागा अतिशय मजबूत असला तरी सुमारे १४५ अंश सेल्सिअसला वितळतो; पॉलिएस्टर सुमारे २५५ ते २६० अंशांना वितळते. अरामिड (केव्हलरच्या जातीचे) धागे वितळत नाहीत, सुमारे ५०० अंशांना त्यांचे विघटन होते. म्हणूनच झपाट्याने खाली उतरणाऱ्यांच्या गाठीसाठी अरामिडमिश्रित दोर पसंत करतात.

घर्षण-गाठींचा उगम : मुख्य दोरावर सरकणारी आणि भार पडताच आवळणारी गाठ गिर्यारोहणातून आली असे सामान्यतः मानले जाते. कार्ल प्रुसिक या ऑस्ट्रियन गिर्यारोहकाच्या नावाची गाठ १९३१ मध्ये प्रसिद्ध झाली. सह्याद्रीतील प्रस्तरारोहकांना ती परिचित आहे. वृक्षतज्ज्ञांमध्ये रुळलेल्या ‘ब्लेक’ गाठीचे श्रेय मात्र विवाद्य आहे. जेसन ब्लेक यांनी ती १९९४ मध्ये ‘आर्बर एज’ या नियतकालिकात पत्राद्वारे मांडली आणि ती लगेच स्वीकारली गेली. परंतु ऑस्ट्रियाचे हाइन्झ प्रोहास्का यांनी तीच गाठ १९८१ मध्ये ऑस्ट्रियातील पर्वत-मार्गदर्शकांच्या एका नियतकालिकात आणि १९९० मध्ये गुहासंशोधकांच्या ‘नायलॉन हायवे’ या नियतकालिकात दिली होती. ब्लेक यांना ती स्वतंत्रपणे सापडली, हे मत बहुधा योग्य असावे. मुद्रित अग्रक्रम मात्र प्रोहास्कांचाच ठरतो. त्याआधी वापरात असलेली टॉट-लाइन गाठ काम चालू असताना सरकत, गुंडाळत जाई. ब्लेक गाठीत हा दोष कमी आहे आणि ती मुख्य दोराच्याच शेपटाने बांधता येते, वेगळा फास लागत नाही. शेपूट निसटू नये म्हणून त्याला अडसरगाठ हवीच. वेगाने उतरल्यास गाठीचा पृष्ठभाग वितळून काचेसारखा गुळगुळीत होतो. असा भाग कापून टाकावा लागतो.

झेड १३३ प्रमाणे कॅराबिनर आपोआप मिटणारा आणि दुहेरी कुलूप असलेला हवा. उघडण्यास सलग दोन वेगळ्या हालचाली लागत असल्याने फांदीला घासून तो सहजी उघडत नाही. बुटांना बांधायचे पोलादी काटे जिवंत झाडाच्या सालीखालचा वाढीचा थर फोडतात. त्यांचा वापर पाडायच्या झाडापुरताच असावा.

नारळ : नारळाला फांद्या नसल्याने मुख्य दोर अडकवायला भरवशाची जागा नसते. झावळ्यांच्या देठांवर विसंबू नये. खोड एकदल वनस्पतीचे, त्यात ऊतककर (सालीखालचा वाढीचा थर) नसतो. म्हणून पाय रोवण्यासाठी घेतलेल्या खाचा भरून येत नाहीत. कोकण-गोव्यात पाडेली (नारळ उतरवणारे) पायांत दोराचा फास घालून किंवा खाचांवरून चढतात. गोव्यात माडी काढणारा तो रेंदेर. नारळ विकास मंडळाने २०११ मध्ये केरळात चढणाऱ्यांना यंत्र वापरायला शिकवणारा कार्यक्रम सुरू केला. कण्णूर जिल्ह्यातील चेंबेरीच्या जोसेफ यांनी बनवलेल्या यंत्रात खोडाभोवती फिरणाऱ्या तारेच्या दोन फासांच्या चौकटींवर उभे राहून पाळीपाळीने पाय वर सरकवतात. मूळ यंत्र पायांना आधार देते, धड मोकळे राहते. कासरगोडच्या मध्यवर्ती लागवड पिके संशोधन संस्थेने त्याला सुरक्षा-जोड तयार केली आहे. खोडाभोवतीचा पट्टा सैल असेल तर निमुळत्या खोडावर तो खाली घसरतो, म्हणून वर जाताना तो पुन्हापुन्हा आवळावा लागतो.