वरच्या जबड्यातले इम्प्लांट आणि ‘स’चा ‘श’

इम्प्लांट म्हणजे जबड्याच्या हाडात बसवलेला स्क्रू; त्यावर कृत्रिम दात लावतात. त्याबद्दल फिरत असलेला समज असा: ‘इम्प्लांटचे दात पहिल्या दिवसापासून खऱ्यासारखेच, उच्चार बिघडला तर डॉक्टर चुकला.’

खालच्या जबड्यात सहसा एवढा त्रास होत नाही, म्हणून हे खरं वाटतं. वरचं गणित वेगळं. दात गेले की तिथलं हाड झिजून वर आणि आत सरकतं. इम्प्लांट उरलेल्या हाडातच बसतो, ओठाला मात्र आधार पुढे हवा असतो. तो कमी पडला की ओठ आत गेलेला दिसतो.

बोलण्याचं म्हणाल तर ‘द’ला जीभ वरच्या दातांमागे टेकते, ‘व’ला खालचा ओठ वरच्या दातांच्या कडेला. ‘स’ला हवेची वाट अगदी अरुंद लागते. दात आणि हिरडीत फट राहिली तर हवा निसटते. फट पूर्ण बुजवली तर ब्रश आत जात नाही. ही ओढाताण असतेच.

पक्के दात बनण्याआधी तात्पुरते लावून शीव, सानपाडा, वसई, दादर मोठ्याने म्हणा आणि मोबाइलवर रेकॉर्ड करा. चेहऱ्याचा बाजूने फोटोही काढा. जीभ बहुधा काही आठवड्यांत सरावते. नाही सरावली तर दातांचा आकार बदलून घेता येतो.