गाडी खाली केली की शॉकअपचं नेमकं काय होतं

मे महिन्यात धुळ्याच्या एका गॅरेजमध्ये भाच्याची स्विफ्ट जॅकवर चढवली, पुढचं चाक हवेत लोंबलं आणि मिस्तरीने स्प्रिंगला हात लावला तर ती चक्क दोन बोटांनी गोल फिरायला लागली, इतकी सैल. अमळनेरला असताना भाच्याने तिचे दीड वेढे ग्राइंडरने कापून घेतले होते, गाडी साधारण ४ सेंटीमीटर खाली बसली आणि दिसायला खरंच भारी दिसायची. पाच महिन्यांत पुढचे दोन्ही शॉकअप तेल गळायला लागले. "काय व्हयनं भाऊ?" भाच्याने विचारलं, तर मिस्तरीने बंप स्टॉपरच्या, म्हणजे चाक फारच वर आलं तर टेकायच्या रबराचा चुरा त्याच्या तळहातावर ठेवला.

आता एक गोष्ट आधी समजून घ्या, गाडीचं वजन शॉकअप उचलत नाही, ते काम स्प्रिंगचं. शॉकअप फक्त स्प्रिंगची उसळी आवरतो. आत तेल असतं, दांड्याच्या टोकाला पिस्टन असतो, त्याच्या बारीक भोकांतून आणि व्हॉल्व्हमधून तेल ढकललं जातं, त्याला जोर लागतो आणि हादऱ्याची ताकद उष्णता होऊन निघून जाते. कन्नड घाट उतरून आल्यावर शॉकअपच्या नळीला हात लावलात तर ती गरम लागते ती त्यामुळेच.

दांड्याला वर-खाली जायला ठराविक जागा असते. समजा चाक वर यायला कंपनीने ८ सेंटीमीटर सोडलेत, गाडी ४ ने खाली केली की उरले ४, म्हणजे उभ्या गाडीतच वरची निम्मी जागा संपलेली. पण हिशोब निम्म्यावर थांबत नाही, कारण स्प्रिंग जेवढा झटका पोटात घेते तो अंतराच्या वर्गाने बदलतो, अंतर निम्मं झालं की झेलायची ताकद पावच राहते. कापलेली स्प्रिंग कडक होते हे खरं, ६ वेढ्यांची साडेचार वेढ्यांवर आली की कडकपणा साधारण ३३ टक्के वाढतो, तो धरूनसुद्धा मूळच्या जेमतेम एक तृतीयांश झटका झेलला जातो. बाकीचा सगळा बंप स्टॉपरवर. ते रबर कधीमधी टेकण्यासाठी दिलेलं असतं, रोज प्रत्येक ब्रेकरला आपटण्यासाठी नाही, आणि त्याचा भुगा झाला की धातूवर धातू बसतो, पिस्टन आणि तळातला व्हॉल्व्ह मार खातात, दांड्याचं सील जातं आणि तेल बाहेर.

ब्रेकरचं पण बघा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमातला गोल गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटीमीटर उंच असतो, ताशी २५ किलोमीटरला आरामात पार होईल असा. आपल्याकडे गावाच्या वेशीवर टाकलेला असतो तो हातभर रुंदीचा उभा उंचवटा. उंची तेवढीच असली तरी चाक तिथे कितीतरी वेगाने वर फेकलं जातं, आणि शॉकअपचा विरोध वेगाबरोबर वाढतो, त्यामुळे आतला दाब एकदम चढतो.

दुसरा त्रास हळू कळतो आणि माझ्या मते तोच जास्त धोक्याचा. जास्त कडक स्प्रिंगची उसळी आवरायला शॉकअपही तगडा लागतो, ३३ टक्के कडक स्प्रिंगला साधारण १५ टक्के जास्त. जुना शॉकअप तिथे कमी पडतो. खानदेशातली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, त्यामुळे तिच्यावरचे डांबरी रस्ते लाटांसारखे होतात, अशा रस्त्यावर गाडी एका लाटेतून सावरायच्या आत दुसरी येते आणि चाकाची पकड क्षणभर सुटते. पोरांना वाटतं गाडी कडक झाली म्हणजे रोडला चिकटून चालते, पण कडक असणं आणि रोडला धरून असणं या वेगळ्या गोष्टी आहेत.

आणि ती सैल स्प्रिंग! खड्ड्यात चाक पूर्ण खाली लोंबलं की कापलेली स्प्रिंग पुरत नाही, बैठकीवरून सरकते, परत बसताना खट्ट आवाज येतो. तो आवाज ऐकू आला तर गाडी तशी चालवू नका, प्लीज.

खाली करायचीच असेल तर त्या गाडीसाठी बनलेली कमी उंचीची स्प्रिंग आणि तिच्याच जोडीचा आखूड शॉकअप असा सेट घ्या, मग अलाइनमेंट करा, नाहीतर टायर आतल्या बाजूने खाल्ले जातील. ग्राइंडर मात्र नको.

किती जागा उरलीय हे घरीच कळतं. रबरी बूट, म्हणजे दांड्यावरचं आवरण, वर सरकवून शॉकअपच्या दांड्याला नळीलगत एक केबल टाय घट्ट बांधायचा आणि नेहमीच्या रस्त्यावर फिरून यायचं, नळी त्याला जिथवर ढकलेल तिथवर दांडा आत गेला होता. भाच्याने मूळ मापाच्या स्प्रिंगा आणि नवीन शॉकअप टाकले, चौघं बसून पारोळ्याला जाऊन आलो. टाय स्टॉपरच्या दोन बोटं अलीकडे थांबला होता.