वाऱ्याच्या बेटावरचं एकटं संत्र्याचं झाड

पान्तेल्लेरिया बेटावर खाम्मा नावाची वस्ती आहे. तिथल्या द्राक्षमळ्यांत काळ्या दगडांचा एक गोल बुरूज उभा आहे. उंची सुमारे ४ मीटर, बाहेरून व्यास ११ मीटर, वर छप्पर नाही. ठेंगण्या दारातून वाकून आत जावं, तर समोर शंभरी गाठलेलं एकच संत्र्याचं झाड. बेटावर असे बुरूज शेकडोंनी आहेत आणि तिथले लोक त्यांना ‘जार्दीनो’, म्हणजे बाग म्हणतात. एका झाडाची बाग! पण एका झाडासाठी शेतकऱ्याने एवढे दगड का रचावेत?

पान्तेल्लेरिया हे इटलीचं बेट, पण सिसिलीपेक्षा ट्युनिशियाला जवळ. आफ्रिकेचा किनारा ७० किलोमीटरच्या आसपास, सिसिली शंभराच्या पुढे. क्षेत्रफळ जेमतेम ८३ चौरस किलोमीटर. सगळं बेट म्हणजे समुद्रातून वर आलेला ज्वालामुखी. सर्वांत उंच डोंगर ८३६ मीटरचा. नदी नाही, ओढा नाही. पाऊस साधारण आपल्या माण-जत पट्ट्यात पडतो तेवढा, तोही हिवाळ्यात. उन्हाळा कोरडा ठणठणीत. आणि बारा महिने वारा. कधी वायव्येचा, कधी आफ्रिकेवरून येणारा तापलेला, आणि कुठूनही आला तरी खारा.

झाडाचा खरा शत्रू हा वारा. वाळत घातलेलं धोतर वाऱ्यावर किती लवकर सुकतं ते आपण रोज पाहतो. पानाचंही तसंच होतं. पानावरच्या सूक्ष्म छिद्रांतून वाफ बाहेर पडते आणि पानाला चिकटून दमट हवेचा एक पातळ थर तयार होतो. हा थर जागेवर असेल तर पुढची वाफ सावकाश निघते. वारा तो थर सतत पुसून नेतो आणि पान पुन्हा पुन्हा पाणी गमावत राहतं. मुळांना तेवढं पाणी मिळालं नाही तर झाड छिद्रं मिटून घेतं. मग अन्न तयार होणंही मंदावतं. त्यात मिठाचे कण पानं करपवतात ते वेगळंच. संत्र्या-लिंबाची पानं सदाहरित, त्यामुळे त्यांची या जाचातून कोणत्याच ऋतूत सुटका नसते.

बुरुजाच्या आत मात्र हवा स्थिरावते. सकाळ-संध्याकाळ भिंतीची सावली पडते, माती उशिरा वाळते. दिवसा तापलेले जाड दगड रात्री हळूहळू निवतात, त्यामुळे थंडीचा कडाकाही बोथट होतो.

या बागांबद्दल बोलताना दवाचं फार कौतुक होतं. निरभ्र रात्री दगडांचे उघडे पृष्ठभाग उष्णता आकाशाकडे सोडून गार होतात, समुद्रावरून आलेली दमट हवा त्यांना लागते, थेंब धरतात आणि फटींतून खाली झिरपतात. गोष्ट खरी आहे आणि सुंदरही आहे. पण हिशेब मांडून पाहावा. उत्तम रात्रीही दव एक मिलिमीटरपर्यंत पोचत नाही. बहुतेक रात्री तर मिलिमीटरचा एखादा अंश. उलट भूमध्य प्रदेशातल्या उन्हाळ्यात उघड्या रानातून दिवसाला पाच-सहा मिलिमीटर पाणी उडून जातं. म्हणून माझ्या मते बुरुजाचं मोठं काम पाणी आणण्याचं नाही, असलेलं राखण्याचं आहे. दव ही वरकमाई.

हेच शहाणपण द्राक्षवेलीतही दिसतं. नाशिक-सांगलीच्या मांडवांची सवय असलेल्या डोळ्यांना तिथला मळा मळा वाटणारच नाही. प्रत्येक वेल एकेका आळ्यात बसलेली असते. आळं सुमारे २० सेंटिमीटर खोल. त्यात आखूड खोड आणि छाटून छाटून चहूबाजूंना पसरवलेल्या पाच-सहा फांद्या. वारा वरून निघून जातो आणि पावसाचं पाणी मुळाशी उतरतं. या झुडपांत यंत्र घालता येत नाही. जुलैच्या अखेरीपासून माणसं कमरेत वाकून, गुडघे टेकून घड काढतात. ही लागवडीची पद्धत २०१४ साली युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत गेली.

द्राक्षाचं नाव झिबिब्बो. ते अरबी ‘झबीब’वरून आलं, म्हणजे मनुका. नावाला साजेसं काम तिथे अजून चालतं: ऑगस्टमध्ये घड उन्हात पसरायचे, दिवसेंदिवस वाळवायचे, मग मणी हाताने सोडवून आंबत्या रसात घालायचे. पाणी उडाल्याने साखर आणि सुवास दाटतात आणि ‘पास्सीतो’ ही मधुर वाइन होते. बेटावरच्या गावांची नावंही अरबी वळणाची: खाम्मा, गादीर, बुजेबेर, रेखाले. अरबांची सत्ता ११२३ मध्ये सिसिलीचा नॉर्मन शासक रॉजर दुसरा याने संपवली, पण नावं आणि शेती राहून गेली.

पाणी साठवण्याची चिंता त्याहूनही जुनी. सान मार्को टेकडीवर कार्थेज आणि रोमच्या काळातली पाण्याची टाकी खडकात कोरलेली आहेत. २००३ मध्ये त्यांच्या उत्खननात ज्यूलियस सीझर, रोमच्या राजघराण्यातली अँटोनिया आणि सम्राट टायटस यांची संगमरवरी मस्तकं निघाली. पुढे प्रत्येक घरच पाणी धरू लागलं. ‘दाम्मूझो’ म्हणतात त्या घरांच्या भिंती लाव्हाच्या जाड दगडांच्या आणि छत घुमटाकार, ज्वालामुखीची माती नि चुना चोपून गुळगुळीत केलेलं. छतावर पडलेला थेंब पन्हाळीने अंगणाखालच्या टाक्यात जातो. चौफेर समुद्र असूनही इथला माणूस पिढ्यान् पिढ्या कोळ्यापेक्षा शेतकरीच राहिला, तो या दगडकामाच्या जोरावर.

दगडांच्या फटींतून आणखी एक पीक निघतं: केपर. ही एका झुडपाची न उमललेली कळी. फूल उमललं की माल गेला, म्हणून मे अखेरपासून ऑगस्टपर्यंत पहाटेच त्याच झुडपाकडे पुन्हा पुन्हा जावं लागतं. कळी जितकी बारीक तितका भाव जास्त. ताजी कळी कडू लागते. समुद्री मिठात मुरल्यावर तिला मोहरीसारखा झणका येतो. हे साम्य वरवरचं नाही. मोहरी, मुळा आणि केपर एकाच गणातल्या वनस्पती, आणि तिघांच्याही पेशींत गंधकयुक्त ग्लुकोसिनोलेट असतात, ज्यांच्या विघटनातून तो नाकात जाणारा वास तयार होतो. आषाढी एकादशीचा उपास सोडताना आपल्याकडे अनेक घरांत जिची भाजी होते ती वाघाटी याच केपरच्या प्रजातीची सख्खी बहीण. दोघींची प्रजाती एकच, कॅपॅरिस. आपण तिचं फळ खातो, ते कळी खातात.

या सगळ्याचा आधार एकच, चुना-मातीशिवाय रचलेली दगडी भिंत. कोकणात गडगा पाहिलेल्याला ती वेगळी समजावून सांगायला नको. अशी भिंत पावसाचं पाणी फटींतून जाऊ देते, म्हणून मागच्या मातीच्या फुगवट्याने ती सहसा फुटत नाही. पण एखादा दगड निसटला की वेळीच परत बसवावा लागतो. तरुण माणसं बेट सोडून गेली तशा अशा भिंतींनी धरलेल्या, उतारावरच्या शेतांच्या बऱ्याच पायऱ्या ओस पडल्या. ओस पायरीवर झुडपं माजतात आणि उन्हाळ्यात ती पेट घेतात. २०१६ च्या मे महिन्यात इथे मोठा वणवा लागला. त्याच वर्षी बेटाचा बराचसा भाग राष्ट्रीय उद्यान झाला.

खाम्माचा बुरूज दोन्नाफुगाता या वाइन उत्पादक घराण्याने डागडुजी करून २००८ मध्ये इटलीतल्या वारसा जपणाऱ्या ‘फाई’ या संस्थेला देऊन टाकला. आता तो कुणालाही पाहता येतो. आत शिरताना वाकावं लागतं, आणि आत पाऊल पडताच कानातला वारा थांबतो.