वाइंडिंग किती तापलं, ते तारेलाच विचारा

मे महिन्यात परभणी-नांदेडकडे पारा 42-43 अंशांवर जातो आणि वाइंडिंगच्या, म्हणजे मोटारीतल्या तांब्याच्या तारेचे वेढे नव्यानं भरून देणाऱ्या, दुकानांत विहिरींवरच्या पंपांच्या जळालेल्या मोटारी येऊन पडतात. दोष कमी व्होल्टेजला दिला जातो. तो खराही आहे, पण तापलेल्या तारेचाही त्यात हात असतो.

तांबं असो की ॲल्युमिनियम, तार तापली की धातूचे अणू जागच्या जागी जास्त थरथरतात, इलेक्ट्रॉनांच्या वाटेत अडथळे वाढतात आणि विद्युतरोध वाढतो. दर अंशाला साधारण 0.4 टक्के. आकडा किरकोळ वाटेल. पण डीपीपासून, म्हणजे गावाजवळच्या ट्रान्सफॉर्मरपासून, विहिरीपर्यंतची ॲल्युमिनियमची तार जानेवारीच्या पहाटे 15 अंशांवर असली आणि मेच्या उन्हात, वर भार घेऊन, 65 वर गेली, तर तिचा रोध सुमारे पाचव्या हिश्शानं वाढतो. उन्हाळ्यात व्होल्टेज पडण्याचं मोठं कारण डीपीवरचा भार हेच. तापलेली तार त्यात भर घालते.

पुढचं मोटारीच्या पोटात घडतं. काम तेवढंच आणि व्होल्टेज कमी, म्हणून मोटार जास्त करंट ओढते. उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. करंट 20 टक्के वाढला, तर उष्णता 44 टक्के. त्या उष्णतेनं वाइंडिंगच्या तांब्याचा रोध चढतो आणि तेवढ्याच करंटला अजून उष्णता निघते. शेवटी तारेवरचं आवरण करपून वेढे एकमेकांना भिडतात.

याच गुणामुळे तांबं स्वतःचं तापमान सांगू शकतं. विहिरीवरच्या मोनोब्लॉकच्या (पंप आणि मोटार एकत्र असलेल्या संचाच्या) वाइंडिंगचा रोध 30 अंशांना 5 ओहम असेल आणि मोटार चालवून, सप्लाय तोडून लगेच मोजल्यावर 6 ओहम भरला, तर आतलं तांबं सरासरी 83 अंशांपर्यंत पोचलंय. मोटार भरून आणली की कारागिराकडून हे दोन आकडे मागून घ्यावेत, असं मला मनापासून वाटतं. पीक वाळत असताना मोटार पुन्हा जळणं शेतकऱ्याला परवडत नाही.

सगळेच पदार्थ तांब्यासारखे नसतात. शास्त्रज्ञ मायकेल फॅरेडेला 1833 मध्ये सिल्व्हर सल्फाइड तापवल्यावर रोध उलट कमी झालेला दिसला. असल्या अर्धवाहकांत (धातूंपेक्षा वीज कमी वाहून नेणाऱ्या पदार्थांत) उष्णतेनं वीज वाहून नेणारे कण सुटे होतात आणि त्यांची वाढती संख्या थरथरीवर मात करते. काही सिरॅमिक थर्मिस्टरांचा, म्हणजे तापमानाप्रमाणे रोध बदलणाऱ्या छोट्या घटकांचा, रोध मात्र ठरावीक तापमानाला एकदम उसळतो. मोठ्या मोटारींच्या वाइंडिंगमध्ये ते बसवतात. स्टार्टरमधला ओव्हरलोड रिले, म्हणजे करंट जास्त झाला की मोटार तोडणारा भाग, फक्त करंट ओळखतो. आत तांबं किती तापलंय, हे थर्मिस्टरला कळतं आणि त्याच्या इशाऱ्यावर मोटार वेळेत बंद करता येते.