एका गुंठ्यापर्यंत आलेली नजर : उपग्रह प्रतिमांचे वर्णपट्टे आणि मराठवाड्याचा दुष्काळ

३१ ऑक्टोबर २०१८ रोजी महाराष्ट्र शासनाने १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्यात मराठवाड्याचा मोठा भाग होता. पन्नास पैशांच्या आतली पैसेवारी, म्हणजे अपेक्षित पिकाच्या निम्म्याहून कमी उत्पन्नाचा अंदाज, हा दुष्काळाचा निकष येथील शेतकऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होता. या वेळी मात्र तहसीलच्या कागदांत ‘वनस्पती निर्देशांक’ हा शब्द होता. केंद्राच्या दुष्काळ व्यवस्थापन संहिता २०१६ ने पर्जन्यमान, पेरणीचे क्षेत्र, जमिनीतील ओलावा आणि जलसाठे यांच्या बरोबरीने उपग्रहावरून मिळणाऱ्या निर्देशांकांनाही स्थान दिले होते. बांधावर उभ्या असलेल्या माणसाने नजरेने लावलेला अंदाज आणि शेकडो किलोमीटर उंचीवरून मोजलेला प्रकाश एकाच प्रस्तावात कसे आले, हे समजण्यासाठी बरेच मागे जावे लागते.

विल्यम हर्शेल यांनी १८०० मध्ये लोलकातून पडलेल्या रंगपट्ट्यात तापमापी ठेवून पाहिले, तेव्हा लाल रंगाच्या पलीकडे, जिथे डोळ्याला काहीच दिसत नव्हते तिथे, पारा अधिक चढला. ही अवरक्त किरणांची ओळख होती. हिरवे पान याच किरणांच्या बाबतीत विलक्षण वागते. पानातील हरितद्रव्य लाल प्रकाश शोषून घेते, पण लाल रंगाला लागून असलेला निकट अवरक्त प्रकाश पानाच्या आतील पेशींच्या रचनेमुळे मोठ्या प्रमाणात परत फेकला जातो. पीक ताणाखाली आले, की हा फरक कमी होऊ लागतो. भारतात पिशारोथ रामा पिशारोटी यांच्या मार्गदर्शनाखाली १९७० च्या सुमारास केरळातील नारळबागांची हेलिकॉप्टरमधून अवरक्त छायाचित्रे घेण्यात आली आणि त्यांतून रोगट झाडे वेगळी ओळखता आली. देशातील सुदूर संवेदनाची, म्हणजे दुरून प्रतिमा घेऊन जमीन जाणण्याच्या तंत्राची, सुरुवात या प्रयोगापासून मानली जाते.

त्यानंतरचे एक वर्ष मराठवाड्याने विसरावे असे नाही. १९७२ च्या मे महिन्यात परभणीला कृषी विद्यापीठ स्थापन झाले, पावसाळा कोरडा गेला आणि माणसे खडी फोडण्याच्या कामावर गेली. त्याच वर्षी २३ जुलै रोजी अमेरिकेने पुढे लँडसॅट-१ या नावाने ओळखला गेलेला उपग्रह सोडला. त्याआधीही, १९६० च्या टायरॉस-१ पासून, अवकाशातून ढगांची चित्रे येत होती. परंतु हिरवा, लाल आणि दोन निकट अवरक्त अशा चार पट्ट्यांत जमीन सातत्याने मोजणारे उपकरण याच उपग्रहाने वर नेले. त्याचा एक ठिपका, म्हणजे पिक्सेल, सुमारे ८० मीटरचा होता. आपल्या मापात सांगायचे तर दीड एकराहून थोडा अधिक.

निकट अवरक्त आणि लाल यांतील फरकाला त्यांच्या बेरजेने भागण्याची साधी युक्ती याच काळात रूढ झाली. तोच एनडीव्हीआय, म्हणजे आपल्या तहसीलच्या कागदातील वनस्पती निर्देशांक. १९८९ मध्ये हैदराबादच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन संस्थेने देशातील शेतीच्या दुष्काळावर नियमित लक्ष ठेवण्याचा कार्यक्रम सुरू केला, तेव्हा त्याचा आधार अमेरिकी नोआ हवामान उपग्रहांच्या प्रतिमा हा होता. त्यांचा पिक्सेल १.१ किलोमीटरचा, म्हणजे जवळजवळ तीनशे एकरांचा. लहान गावाच्या शिवाराचा मोठा भाग एका ठिपक्यात मावे आणि त्यात कापूस, पडीक, ओढा, गावठाण सगळे एकत्र मिसळून जाई. तालुक्याचे चित्र त्यातून कळे, शेताचे कळणे शक्यच नव्हते.

भारताचा आयआरएस-१ए हा १७ मार्च १९८८ रोजी कक्षेत गेला. त्याचे दोन प्रकारचे कॅमेरे ७२.५ आणि ३६.२५ मीटरचे होते आणि त्यांत निळा, हिरवा, लाल व निकट अवरक्त असे चार पट्टे होते. डिसेंबर १९९५ मधील आयआरएस-१सी ने दोन गोष्टी आणल्या. एक म्हणजे ५.८ मीटरची कृष्णधवल, सर्वपट्टी प्रतिमा, जी तेव्हा नागरी उपयोगासाठी जगात सर्वांत बारीक होती आणि जिची वर्तमानपत्रांतून साहजिकच अधिक चर्चा झाली. दुसरी म्हणजे लघुतरंग अवरक्त पट्टा. माझ्या मते कोरडवाहू प्रदेशाच्या दृष्टीने मोलाची गोष्ट ही दुसरी होती. सुमारे १.५५ ते १.७० मायक्रोमीटरच्या या पट्ट्यातील प्रकाश पानातले आणि मातीतले पाणी शोषून घेते, त्यामुळे पान अजून हिरवे दिसत असले तरी त्यातला ओलावा घटल्याचे लक्षात येऊ शकते. पेरणीनंतरच्या पहिल्या आठवड्यांत, जेव्हा रानात पानांपेक्षा काळी मातीच जास्त दिसते, तेव्हा नुसत्या एनडीव्हीआयपेक्षा या पट्ट्यावर आधारलेला एनडीडब्ल्यूआय हा ओलाव्याचा निर्देशांक उपयोगी पडतो. २००३ च्या रिसोर्ससॅट-१ ने हा पट्टा २३.५ मीटरवर, म्हणजे साधारण साडेपाच गुंठ्यांवर आणला.

प्रत्यक्ष प्रतिमा कशी दिसते, हे पैठणच्या उदाहरणाने सांगता येईल. छद्मरंगी प्रतिमेत निकट अवरक्त पट्ट्याला लाल रंग दिलेला असतो. प्रथमच पाहणारा माणूस लाल भाग म्हणजे करपलेले रान समजतो, पण असते ते नेमके उलट. एप्रिलमधल्या अशा प्रतिमेत नाथसागराचे पाणी काळेभोर दिसते, नांगरून ठेवलेले रान निळसर राखाडी, आणि कालव्याच्या कडेचा ऊस लालभडक. पाणी मागे सरकलेल्या पट्टीत लालसर चिंध्या दिसल्या, तर ती बहुधा गाळपेर असते. एक फसगत मात्र येथे नेहमी होते : पावसाने भिजलेली काळी माती सगळ्याच पट्ट्यांत इतकी कमी चमकते, की ती उथळ पाण्यासारखी भासते.

औष्णिक पट्टा पृष्ठभागाचे तापमान सांगतो आणि रात्रीचे ढगही दाखवतो. हवामानाच्या बातम्यांतील इन्सॅटची रात्रीची चित्रे त्याच पट्ट्याची असतात.

खरी अडचण ढगांची आहे. सोयाबीनचे भवितव्य जुलै-ऑगस्टमध्ये ठरते आणि नेमके तेव्हाच आभाळ झाकलेले असते. २०१५ पासूनच्या युरोपीय सेंटिनेल-२ मालिकेचे १३ पट्टे आहेत, त्यांतील चार १० मीटरचे. म्हणजे आता एक पिक्सेल जवळजवळ नेमका एक गुंठा. तरीही ढगाखालचा गुंठा त्यालाही दिसत नाही. ही उणीव स्वतःचे सूक्ष्मतरंग सोडून त्यांचा प्रतिध्वनी मोजणारे रडार भरून काढते. भारताचा रिसॅट-१ एप्रिल २०१२ मध्ये गेला, युरोपचा सेंटिनेल-१ दोन वर्षांनी. शांत पाणी रडारचे तरंग आरशासारखे दुसरीकडे वळवते, म्हणून पुराचे पाणी प्रतिमेत काळे पडते. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यातील नद्या रानांत शिरल्या तसे पूर ढगांतूनही टिपता येतात ते यामुळेच. त्याच वर्षी ३० जुलै रोजी श्रीहरिकोट्याहून सुटलेल्या निसार उपग्रहात एल आणि एस असे दोन रडार पट्टे आहेत. त्यांपैकी लांब तरंगांचा एल पट्टा पिकाच्या पानांच्या दाटीत अधिक खोल शिरतो.

एवढे पट्टे हाताशी असूनही २०१६ च्या संहितेने तालुक्यातील दहा टक्के गावांत प्रत्यक्ष पाहणी ठेवली आहे, आणि ती केवळ सरकारी सावधगिरी नव्हे. वनस्पती निर्देशांक पान मोजतो, शेंग मोजत नाही. ऑगस्टमध्ये फुलोऱ्यावर आलेल्या सोयाबीनला तीन आठवड्यांचा खंड पडला आणि सप्टेंबरमध्ये पाऊस परत आला, तर पाला पुन्हा हिरवा होतो, बांधावर आणि सऱ्यांत तण माजते, आलेखाची रेषा वर चढते. त्या शेतात जाऊन दहा-बारा झाडे उपटून शेंगा फोडल्या, तर आत दाणे भरलेले नसतात.