इंग्रजीतले आश्चर्याचे आणि विजयाचे उद्गार

इंग्रजी बोलणारा माणूस चकित झाला किंवा जिंकला की त्याच्या तोंडून वाव, गॉश, हुर्रे, युरेका, बिंगो असं काहीतरी निघतं, व्याकरणात ही केवलप्रयोगी अव्ययं. शाळेत ह्यांना जेमतेम अर्धं पान मिळतं, पण माझ्या मते इतिहास शोधायला ह्याच्याइतके मजेदार शब्द नाहीत.

आश्चर्याचे बरेच शब्द म्हणजे वेष पालटलेल्या शपथा. देवाचं नाव उगाच घेऊ नये असं दहा आज्ञांमध्येच सांगितलंय, म्हणून लोकांनी गॉडचं गॉश आणि गॉली केलं, जीझसचं जी, क्राइस्टचं क्रायकी, आणि झाउंड्स म्हणजे तर 'देवाच्या जखमांची शपथ', झिजून झिजून एवढीच उरलेली. १६०६ मध्ये इंग्लंडच्या पार्लमेंटने कायदाच केला की नाटकात कुणी देवाचं नाव थट्टेत घेतलं तर १० पौंड दंड, त्यामुळे शेक्सपिअरच्या ऑथेल्लोच्या १६२२ च्या छापील प्रतीत झाउंड्स सापडतं आणि १६२३ च्या फोलिओत, म्हणजे त्याच्या नाटकांच्या एकत्रित आवृत्तीत, ते काढून टाकलेलं दिसतं.

विजयाचे उद्गार मात्र घोळक्यातून आलेत. आधी १६व्या शतकात हझा, तो बहुतेक खलाशांचा ओरडा, मग १७व्या शतकात हुर्रा. युरेका मूळचा ग्रीक, 'सापडलं!', आर्किमिडीज न्हाणीतून तसाच उघडा धावला ही गोष्ट रोमन लेखक व्हिट्रुव्हियसने सांगितलीये, आर्किमिडीजच्या स्वतःच्या उपलब्ध लिखाणात ती नाही. १८४८ ला कॅलिफोर्नियात सोनं सापडलं आणि पुढच्याच वर्षी हा शब्द तिथल्या राज्यमुद्रेवर गेला.

क्रिकेटमधलं 'हाउझॅट' ('हाउ इज दॅट?') निम्मं प्रश्न निम्मा जल्लोष, आणि ते नियमातच आहे, नियम ३१ प्रमाणे अपील केल्याशिवाय अंपायर आउट देऊच शकत नाही. आपल्या गल्लीतली पोरं त्याचं आऊझॅट करतात.

'जेरोनिमो!' ह्या आरोळीची गोष्ट मात्र जड आहे. १९४० ला अमेरिकेत फोर्ट बेनिंगला पॅराशूटची चाचणी घेणाऱ्या सैनिकांपैकी एकाने विमानातून उडी मारताना ही आरोळी ठोकली, आदल्या रात्री त्यांनी जेरोनिमोवरचा सिनेमा पाहिला होता असं सांगतात, आणि मग छत्रीधारी सैनिकांमध्ये ती रूढच झाली. ज्याचं हे नाव तो अपाची ह्या मूळ अमेरिकन जमातीचा लढवय्या १८८६ ला त्याच अमेरिकन सैन्याला शरण आला आणि १९०९ मध्ये फोर्ट सिल ह्या लष्करी तळावर युद्धकैदी म्हणूनच वारला. २०११ ला बिन लादेनवरच्या कारवाईत हेच नाव सांकेतिक शब्द म्हणून वापरलं तेव्हा तिथल्या मूळ रहिवाशांच्या संघटनांनी जोरदार आक्षेप घेतला.