भौतिकशास्त्राला न जुमानणाऱ्या कसरती

हाणामारीच्या आणि साहसाच्या कथांमध्ये पात्रे गतीचे नियम धाब्यावर बसवून ज्या उड्या, कोलांट्या आणि झेपा घेतात, त्यांविषयीची ही नोंद. चित्रपट, ॲनिमेशन, चित्रकथा, व्हिडिओ गेम, कादंबरी अशा सगळ्याच माध्यमांत त्या आढळतात. चिनी वूशिया कथांत (युद्धकलेत तरबेज वीरांच्या कथांत) तर छपरांवरून, पाण्यावरून, झाडांच्या शेंड्यांवरून धावण्याच्या या विद्येला ‘चिंगगोंग’ असे नावच आहे.

पाय जमिनीवरून सुटले की शरीराचा गुरुत्वमध्य ठरलेल्या कमानीतूनच (अन्वस्तातून) जातो. हातपाय कितीही झाडले तरी ती वाट बदलत नाही. अंग आखडून कोलांटीचा वेग वाढवता येतो, मांजरासारखे वळताही येते. दिशा बदलायला किंवा दुसरी उडी मारायला मात्र काहीतरी टेकू लागतो. गुरुत्वमध्य १ मीटर उचलला गेला तरी हवेतला वेळ जेमतेम ०.९ सेकंद. त्यात तीन लाथा आणि एक संवाद बसत नाही.

खरी लबाडी उतरताना होते. २० मीटरवरून पडणाऱ्याचा वेग ताशी ७० किमीपर्यंत जातो. त्याने छज्जा धरून अर्ध्या मीटरात स्वतःला थांबवले, तर बोटांवर वजनाच्या चाळीसेक पट ओढ येईल. पकड सुटेल, नाहीतर खांदा निखळेल. पडणाऱ्याला हवेत झेलणाऱ्या नायकाचेही तेच. आधी त्याच वेगाने खाली जाऊन मग हळूहळू वेग उतरवला नाही, तर त्याचे पोलादी हात फरशीइतकेच घातक. स्टंटसाठीची हवेची गादी थांबण्याचे अंतर वाढवते: बाजूच्या झडपांतून हवा बाहेर जाते आणि माणूस आत रुततो. हवा बाहेर पडायला वाटच नसेल तर गादी त्याला परत उडवते.

पडद्यावरचे उड्डाण बहुधा केबलवरचे असते. कपड्यांआड हार्नेस, कमरेच्या दोन्ही बाजूंना कड्या, वर कप्पी, दुसऱ्या टोकाला ओढणारी माणसे किंवा यंत्र. कड्या गुरुत्वमध्याच्या पातळीला असल्या तर कोलांटी सहज फिरते, खाली असल्या तर कलाकार उलटा होतो. केबल संगणकावर पुसता येते, पण खुणा उरतात. गुडघे न वाकता शरीर वर उचलले जाते, वाट लंबकासारखी दिसते. सर्वांत चहाडखोर डोक्यावरचे केस: खऱ्या उडीत उतरताना ते वर उठतात, केबलवर तरंगताना खाली लोंबत राहतात.

चित्रणाचा वेगही गुरुत्वाकर्षण बदलतो. सेकंदाला ४८ फ्रेमनी टिपून २४ ने दाखवले, तर ते एक चतुर्थांश भासते. २० ने टिपले तर १.४४ पट भासते. पडणे जोरकस होते, पण चालणे-बोलणे धक्केदार दिसू लागते.

गेममध्ये हवेतल्या हवेत मारलेली दुसरी उडी नेहमीची. ‘ड्रॅगन बस्टर’ (१९८४) हे तिचे सुरुवातीचे उदाहरण. उडी चपळ वाटावी म्हणून उतरताना गुरुत्वाकर्षण अनेकदा वाढवतात. कडा सुटल्यावरही सुमारे ०.१ सेकंद उडीचे बटण चालू ठेवतात. ही सवलत काढली की खेळाडूला बटणच बिघडल्यासारखे वाटते.

कादंबरीत ना केबल, ना फ्रेम. तिथे पाय कशावर टेकला, वजन कुठे गेले, हे एका वाक्यात आले तरी वाचक पुढचे मान्य करतो. पण आरंभी तीन मजले चढून गेलेले पात्र पुढे कारणाशिवाय साध्या कुंपणापाशी अडले, तर तो मानत नाही.